दुखत नाही म्हणून राहू दिलेली गाठ

पाठीवर, मानेवर, कानामागे किंवा डोक्यात केसांच्या आत वाटाण्याएवढी एखादी गाठ आपल्या बहुतेक घरांत कुणाला ना कुणाला असते. आपल्या घरांत तिला रसौली म्हणतात, शेजारच्या घरांत आवाळू म्हणतात, आणि हल्ली सगळेच ‘चरबीची गाठ’ म्हणून मोकळे होतात. ती दुखत नाही, खाजत नाही, कामात आड येत नाही. म्हणून पाच-दहा वर्षे तशीच राहते. मग एखाद्या उन्हाळ्यात ती लाल होते, ठणकू लागते आणि चार दिवसांत वाटाण्याचे लिंबू होते. लोक डॉक्टरकडे जातात ते या दिवशी. जायचा दिवस खरे तर त्याच्या कितीतरी आधीच येऊन गेलेला असतो.

मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते. इथे लिहिते आहे ते माझ्या मोठ्या खालांच्या दुखण्यात, दवाखान्याच्या बाकावर बसून आणि सर्जनसाहेबांना पुन्हा पुन्हा विचारून समजून घेतलेले आहे. खालांची हकीकत पुढे येईलच. आधी ही गाठ म्हणजे काय ते पाहू, कारण ते कळले की निम्म्या चुका आपोआप टळतात.

आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर रोज झडत असतो. अंघोळीत अंग चोळताना मळ निघतो, त्यात या मेलेल्या पेशीही असतात. आता असे समजा की या वरच्या थराचाच एक छोटा तुकडा, बहुतेक वेळा केसाच्या मुळाचे तोंड, आत वळला आणि त्याची पिशवी झाली. कुर्त्याच्या आत शिवलेला खिसा असतो तशी. पिशवीचे अस्तर त्वचेचेच, त्यामुळे तेही रोज झडणार. बाहेरची त्वचा झडते ती पाण्याबरोबर वाहून जाते. आतली झडते ती जाणार कुठे? ती साठत राहते. वर्षानुवर्षे थेंबे थेंबे साठत गेली की बाहेरून गाठ दिसते. आतला माल म्हणजे केराटिन. आपली नखे आणि केस ज्या पदार्थाचे बनतात तोच हा, फक्त ओला, पांढरट, पनीरसारखा आणि वासाचा. म्हणजे तिच्यात चरबी नसतेच. डॉक्टरही अजून सवयीने हिला ‘सेबेशियस सिस्ट’ म्हणतात. पण त्या नावातल्या तेलग्रंथींशी हिचा फारसा संबंध नाही. कागदावर ‘एपिडर्मॉइड सिस्ट’ असे लिहिलेले दिसले तर घाबरू नका, ते हिचेच बरोबर नाव आहे.

ओळखायची एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. गाठीच्या मधोमध बहुतेक वेळा एक बारीक काळा ठिपका असतो. ते त्या पिशवीचे बुजलेले तोंड. गाठ वरच्या कातडीला चिकटलेली असते, पण बोटाने हलवली तर खालच्या मांसावरून सरकते. खरी चरबीची गाठ, म्हणजे लायपोमा, वेगळी असते. ती मऊ, बोटाखालून निसटणारी, वरची कातडी मोकळी आणि ठिपका नाही. डोक्यातल्या केसांत होणाऱ्या गाठी आणखी थोड्या वेगळ्या. त्यांना ठिपका बहुधा नसतो, त्या जास्त टणक असतात आणि अनेकदा घराण्यात चालत येतात. आजोबांना, मग अब्बांना, मग मुलीला, असे. आपल्याकडे कुणी म्हणते हा अमुक तेलाचा परिणाम, कुणी म्हणते घट्ट टोपीमुळे. तेल आणि टोपी दोन्ही बिचाऱ्या निर्दोष आहेत.

खिशाची उपमा मी मुद्दाम दिली. खिशातला कचरा झटकला म्हणून खिसा नाहीसा होत नाही. गाठ पिळली, पांढरा माल बाहेर आला, गाठ बसली, सगळे म्हणतात ‘घाण निघाली, बरे झाले’. पण पिशवी आत तशीच असते आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा भरायला लागते. ही गोष्ट आजच्या डॉक्टरांनी शोधलेली नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वी अंदलूसमध्ये, कुर्तुबा शहराजवळ, अबुल कासिम अल-जहरावी नावाचे थोर शल्यचिकित्सक होऊन गेले. ‘अत-तसरीफ’ हा त्यांचा तीस भागांचा ग्रंथ, आणि त्याचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेवर. डोक्याच्या कातडीत होणाऱ्या या गाठी आपापल्या पिशवीत बसलेल्या असतात हे त्यांना ठाऊक होते. पिशवीसकट गाठ काढायची, हे सूत्र तेव्हापासूनचे. आणि ज्यांना या गाठीची लाज वाटते त्यांच्यासाठी सांगते, इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज याच्याही डोक्यावर अशीच गाठ होती. ॲस्टली कूपर या सर्जनने १८२१ साली ती काढली. काढताना तो स्वतःच धास्तावलेला होता, कारण त्या काळी भूल नव्हती, जंतूंची माहिती नव्हती, आणि जखम चिघळून राजा दगावला तर काय, ही भीती होती. राजा सुखरूप राहिला आणि कूपरला सरदारकी मिळाली. आज ज्या कामासाठी तालुक्याच्या रुग्णालयात अर्धा-पाऊण तास पुरतो, त्याची तेव्हा एवढी धास्ती होती.

आता खालांकडे येते. खालांचे वय एकसष्ट, मधुमेह चौदा वर्षांचा. दोन खांद्यांच्या मध्ये, मानेच्या थोडी खाली, त्यांना गाठ होती. किती वर्षांपासून, हे त्यांनाही नक्की सांगता आले नाही. धाकट्या मुलाच्या निकाहच्या वेळी ब्लाउज शिवायला टाकला तेव्हा शिवणारणीने विचारले होते, म्हणजे किमान अकरा वर्षे. गाठ ओढणीखाली असायची. पाठीला तेल लावणाऱ्या सुनेशिवाय ती कुणी पाहिलेली नव्हती. आम्ही कधी विषय काढला तर त्यांचे उत्तर ठरलेले असे, “दुखताइच नहीं तो डागदर के पास काय कू जाना?”

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये गाठ थोडी मोठी झाली आणि ठिपक्यातून ओलसर काहीतरी येऊ लागले. सुनेने चांगल्या मनाने सुई मेणबत्तीवर तापवून ठिपक्यात टोचली आणि दोन्ही अंगठ्यांनी पिळली. माल निघाला. सगळ्यांना बरे वाटले. तिसऱ्या दिवशी पाठ लाल झाली. शेजारणीने चुना आणि गुळाचा लेप सांगितला, तो लावला. त्याने वरची कातडी भाजली. पाचव्या दिवशी ताप. गल्लीतल्या एकाने, तो दवाखान्यात कंपाउंडर होता एवढीच त्याची पात्रता, पाच गोळ्या दिल्या. त्यांतल्या तीन खाऊन बरे वाटले म्हणून खालांनी उरलेल्या डब्यात ठेवल्या. आठव्या दिवशी मला फोन आला. मिरजेला सर्जनकडे नेले तेव्हा गाठ मोठ्या लिंबाएवढी, चार बोटे लाली पसरलेली, आणि साखर साडेतीनशेच्या वर.

पिळल्याने नेमके काय झाले ते सर्जनसाहेबांनी समजावले. मला वाटते हा भाग प्रत्येक घरात माहीत असायला हवा. पिळताना थोडा माल ठिपक्यातून बाहेर येतो खरा; पण दाबाने पिशवीची भिंत आतल्या बाजूला फुटते आणि उरलेले केराटिन आजूबाजूच्या मांसात सांडते. शरीराच्या दृष्टीने तिथे केराटिन असणे म्हणजे पायात काटा मोडून राहण्यासारखे. ते त्याच्यावर तुटून पडते. लाली, उष्णता, सूज, ठणका, सगळे येते. गंमत अशी की या पायरीवर अनेकदा जंतूंचा संसर्ग नसतोही. म्हणूनच लाल झालेल्या प्रत्येक गाठीला अँटिबायोटिक लागतेच असे नाही, आणि दिले तरी दरवेळी उपयोग होतोच असेही नाही. पण सुईबरोबर, नखांबरोबर जंतू आत गेले, किंवा अंगावरचेच आत शिरले, तर पू होतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते. कोणते काय, हे डॉक्टरने हात लावून ठरवायचे. आपण गोळ्यांच्या दुकानात उभे राहून ठरवायचे नाही.

पू झाला असेल तर उपाय एकच, चीर देऊन तो बाहेर काढणे. गोळ्यांनी पुवाचा साठा विरत नाही, कारण औषध रक्तातून जाते आणि साठ्याच्या आत रक्त फिरत नाही. खालांना भुलेचे इंजेक्शन देऊन चीर दिली. सुजलेल्या, पुवाच्या जागी भूल नेहमीइतकी चढत नाही, त्यामुळे त्यांना बरेच दुखले. खाला ओरडल्या नाहीत, पण माझा हात त्यांनी असा धरला होता की संध्याकाळपर्यंत बोटांच्या खुणा होत्या. पू काढून जागा धुतली आणि आत औषधी पट्टी भरली. टाके घातले नाहीत. त्यावरून घरी मोठी चर्चा झाली, डॉक्टरने जखम उघडीच ठेवली म्हणून. ती मुद्दामच उघडी ठेवतात. पुवाची जागा वरून शिवली तर आत पुन्हा पू कोंडतो. जखम तळापासून भरत वर यायला हवी. पसरलेल्या लालीसाठी आणि तापासाठी अँटिबायोटिक दिले, या वेळी शेवटच्या गोळीपर्यंत. साखर आवरण्यासाठी काही दिवस इन्सुलिन घ्यावे लागले. रोजचे ड्रेसिंग चोवीस दिवस चालले.

आणि एवढे होऊनही गाठ गेलेली नव्हती. चोवीस दिवसांनी जखम भरली तेव्हा खाला म्हणाल्या, “चलो, अल्लाह का शुक्र, निकल गई.” सर्जनसाहेब म्हणाले, फक्त पू निघाला, पिशवीचे तुकडे आतच आहेत. सुजलेल्या मांसात पिशवी चिंध्यांसारखी होते आणि आजूबाजूला चिकटते. ती पूर्ण सापडत नाही, म्हणून त्या दिवशी काढायला जायचे नसते. सूज पूर्ण ओसरायला काही आठवडे द्यावे लागतात. खालांच्या बाबतीत दोन महिन्यांनी त्याच जागी पुन्हा हरभऱ्याएवढा टणक मणी हाताला लागला. मग ठरवून, साखर ताब्यात असताना, पिशवी काढली. भुलेची इंजेक्शने, ठिपका मध्ये घेऊन पानाच्या आकाराची छोटी चीर, आतून व्रणासकट पिशवी अलगद सोडवून घेतली, टाके घातले. चाळीस मिनिटे. त्याच दिवशी घरी. बाराव्या दिवशी टाके निघाले. खालांचा प्रश्न मला फार आवडला. त्यांनी विचारले, “इत्ताच था?” एवढेच होते, पण अकरा वर्षांत कोणत्याही दिवशी एवढेच होते. एप्रिलमध्ये ते तेवढे राहिले नव्हते.

शांत गाठ काढायलाच हवी का? नाही. लहान आहे, वाढत नाही, कुठे घासत नाही, पूर्वी कधी लाल झालेली नाही, तर डॉक्टर स्वतःच सांगतील की राहू द्या. पण हे त्यांनी एकदा पाहून सांगावे. वाढत असेल, ब्राच्या पट्ट्याखाली, कॉलरखाली किंवा बसायच्या जागी असेल, किंवा एकदा लाल होऊन बसलेली असेल, तर ती शांत असताना काढून टाकणे शहाणपणाचे. घरात मुलीचे लग्न, हजचा किंवा उमराहचा प्रवास, अशी मोठी गोष्ट पुढे असेल तर दोन-तीन महिने आधी. हजच्या गर्दीत, उन्हात पाठीवरची गाठ चिघळली तर काय हाल होतील याचा विचार करून पाहा.

समजा आजच एखादी गाठ लाल झाली आहे. पिळू नका, टोचू नका. स्वच्छ कापड कोमट पाण्यात भिजवून पिळून दहा-पंधरा मिनिटे ठेवा, दिवसातून तीन-चार वेळा. पाणी सोसवेल इतकेच गरम. मधुमेह असलेल्यांना चटका पटकन कळत नाही, त्यांच्यासाठी दुसऱ्याने हाताने पाहून द्यावे. आपोआप वाहू लागली तर कोरडे, स्वच्छ गॉज लावा, हात धुवा, त्या व्यक्तीचा टॉवेल वेगळा ठेवा. आणि एक-दोन दिवसांत डॉक्टर गाठा. ताप, थंडी, भराभर पसरणारी लाली, गाठीपासून निघणाऱ्या लाल रेघा, किंवा खूप ठणका असेल तर त्याच दिवशी. मधुमेह असेल, किडनीचा आजार असेल, स्टेरॉइड किंवा कर्करोगाची औषधे चालू असतील, तर वाट पाहायचीच नाही. नाक आणि वरच्या ओठाच्या आसपासची गाठ किंवा फोड तर कधीच दाबू नये, कारण तिथल्या रक्तवाहिन्यांचा संबंध थेट डोक्याच्या आतल्या भागाशी आहे.

हिजामाबद्दल अनेक भगिनी विचारतात, म्हणून लिहिते. गाठीवर किंवा लाल झालेल्या जागी हिजामा करून घेऊ नका. पिशवी त्याने निघत नाही, आणि सुजलेल्या कातडीवर नव्या चिरा म्हणजे जंतूंना नव्या वाटा. हिजामा करणारा समजदार असेल तर तो स्वतःच नकार देईल.

प्रत्येक गाठ म्हणजे ही गाठ नव्हे, हे सगळ्यात महत्त्वाचे. मधुमेह असलेल्या माणसाच्या मानेवर किंवा पाठीवर बरीच तोंडे असलेली, चाळणीसारखी दिसणारी सूज आली तर ती काळपुळी असू शकते आणि तिला त्याच दिवशी उपचार लागतो. गळ्याच्या बाजूला एकाशेजारी एक अशा गाठी, सोबत बारीक ताप आणि वजन घटणे असेल तर क्षयाची तपासणी हवी. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. गळ्याच्या पुढे, घोट गिळताना वरखाली होणारी गाठ थायरॉइडची. माकडहाडाच्या वर, नितंबांच्या फटीत वारंवार पाझरणारी जागा हा वेगळा आजार आहे. काखेत आणि जांघेत पुन्हा पुन्हा येणारे फोडही वेगळे. टणक, खाली चिकटलेली, न हलणारी, काही आठवड्यांत झपाट्याने वाढणारी किंवा वर न भरणारी जखम झालेली गाठ असेल तर आधी तिचे निदान, मग बाकीचे.

आणि स्तनातली गाठ. तिला कुणीही, कितीही अनुभवी बाईने, ‘चरबीची आहे’ म्हणून सोडू नये. बहुतेक गाठी साध्या निघतात हे खरे. पण ते सोनोग्राफी आणि तपासणीनंतर म्हणायचे वाक्य आहे. इथे आपल्या घरांतला संकोच आड येतो. परपुरुषाला पाठ कशी दाखवायची, छाती कशी दाखवायची, या प्रश्नावर वर्षे जातात. आपला दीन अशा गरजेत उपचारासाठी शरीर दाखवायला मनाई करत नाही, हे मी वेगळे सांगायला नको. आपल्या आलिमांनी ते अनेकदा सांगितले आहे. स्त्री डॉक्टर मागावी, मिळाली तर उत्तम. नसेल तर तपासणीच्या वेळी नर्स किंवा घरातली बाई सोबत राहील असे स्पष्ट सांगावे, त्यात कोणताही डॉक्टर वाईट मानत नाही. शस्त्रक्रियेत तर चादरीने सगळे अंग झाकून फक्त तेवढी जागा उघडी ठेवतात. हे खालांना आधी कुणी सांगितले असते तर त्या पाच वर्षे आधीच टेबलावर चढल्या असत्या, असे त्या स्वतः म्हणतात.

तरुण मुलांचेही असेच होते. जांघेत किंवा अंडकोशाच्या कातडीवर छोट्या टणक गाठी येतात, मुलगा कुणाला सांगत नाही, मोबाइलवर काहीबाही पाहून झोप उडवून घेतो. कातडीवरच्या अशा गाठी बहुतेक निरुपद्रवी असतात. आतली गाठ मात्र लगेच दाखवावी लागते. अब्बांनी मुलाशी हा विषय एकदा मोकळेपणाने बोलावा. अम्मींकडून तो होणार नाही.

लहान मुलांबाबत एक सावधगिरी. भुवईच्या बाहेरच्या टोकाला, किंवा नाकाच्या मधल्या रेषेवर जन्मापासून असलेली गाठ वेगळ्या जातीची असते. मधल्या रेषेवरच्या गाठीचे मूळ कधी कधी कवटीच्या आत गेलेले असते, म्हणून स्कॅन केल्याशिवाय तिला सुई लावू नये. माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. मुले त्याला चिडवायची, आणि घरचे नाक टोचून घ्यायच्या विचारात होते. त्याला लहान मुलांच्या सर्जनकडे पाठवले.

टाके असताना वुजू आणि गुस्लचा प्रश्न पडतो. पहिले एक-दोन दिवस पट्टी कोरडी ठेवायला सांगतात. नंतर केव्हा पाणी लागू द्यायचे ते सर्जन सांगतील. पट्टीवरून मसह करण्याची सवलत आहे. जखमेतून पू किंवा रक्त वाहत असेल तर वुजूचे काय, यावर देशावरच्या हनफी घरांत आणि कोकणातल्या शाफई घरांत उत्तर सारखे नाही, तेव्हा आपल्या मशिदीच्या मौलानांना विचारावे. कपाळावर टाके असतील तर सजद्यात जोर देऊन ते उसवू नयेत. पण नमाज कशी होईल या काळजीने शस्त्रक्रिया पुढे ढकलणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि रमजान आहे म्हणून पू झालेली गाठ ईदपर्यंत थांबवणारीही. पू ईदसाठी थांबत नाही.

दवाखान्यात जाताना काय सांगायचे ते कागदावर लिहून न्या. गाठ कधीपासून आहे, किती वाढली, कधी लाल झाली होती का, आणि कोणती औषधे चालू आहेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आवर्जून सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. भुलेच्या इंजेक्शनचा पूर्वी त्रास झाला असेल तर तेही. खर्चाचे म्हणाल तर राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात सर्जन कोणत्या वारी येतात ते आधी विचारून जावे. खाजगीत गेलात तर ‘फक्त पू काढणार की पिशवी काढणार’ हे आधी विचारा. खर्च दोन्हींचा वेगळा, आणि पहिल्यानंतर दुसरी लागू शकते हे घरच्यांना माहीत असले की डॉक्टरवर विनाकारण राग निघत नाही.

काढलेली गाठ बाटलीत घालून तपासणीला पाठवतात. तो खर्च टाळावा असे अनेकांना वाटते. गाठ जुनी, मोठी किंवा जरा वेगळी दिसली असेल तर डॉक्टर सांगतील तसे पाठवाच. अशा गाठीत कर्करोग फार क्वचित निघतो, पण तो बाहेरून दिसत नाही. रिपोर्ट यायला साधारण आठवडा लागतो आणि तेवढ्यात टाके निघालेले असतात, त्यामुळे बरेच लोक तो आणायला जातच नाहीत. खालांचा रिपोर्टही नऊ दिवस दवाखान्याच्या खिडकीत पडून होता. शेवटी शाळा सुटल्यावर मीच जाऊन घेतला, सर्जनसाहेबांना दाखवला आणि त्यांच्या साखरेच्या फाइलला लावला.